लांब केस आणि सुट्टीतलं पोहणं : अनुभव धागा

सुट्टीचा बेत ठरला की लांब केसवाल्यांना एक प्रश्न हमखास येतो, "तू पाण्यात उतरणार ना?" आणि उत्तर येतं, "बघू." त्या 'बघू'मागे पुढचं सगळं असतं: संध्याकाळभर काढायचा गुंता, न वाळणारा अंबाडा, आणि परत आल्यावर राठ झालेली टोकं. काठावर बसून इतरांच्या चपला आणि मोबाइल सांभाळणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय.

लिहिताना केस किती लांब आणि कसे आहेत ते आधी सांगा. पातळ सरळ केसांना जे मानवतं ते दाट कुरळ्यांना मानवेलच असं नाही. पाणी कुठलं होतं तेही लिहा. 'अमुक लावा, मस्त होतात' एवढ्यावर सोडू नका; कधी लावलं, कसं धुतलं, गुंता सुटायला किती त्रास झाला, असं सविस्तर येऊ द्या.

सुरुवात माझ्यापासून.

कमरेपर्यंत, सरळ, दाट

माझा सगळा भर उतरण्याआधीच्या पाच मिनिटांवर. कोरडा केस पाण्यात गेला की स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी पितो. ते पाणी क्लोरीनचं असावं की साधं, एवढं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून आधी शॉवरखाली केस मुळापासून भिजवायचे. नुसता शिडकावा कामाचा नाही. दाट केस वरून ओलेचिंब दिसतात आणि मानेजवळचा आतला थर खुशाल कोरडा असतो. तिथे बोटं घालून, केस उचलून पाणी सोडावं लागतं. मग टोकांपासून अर्ध्या लांबीपर्यंत साधा कंडिशनर, न धुता तसाच, आणि वर वेणी. याने क्लोरीन अजिबात शिरत नाही असं नाही, पण फरक हाताला कळतो. समुद्रावर शॉवर नसेल तर गोड्या पाण्याची मोठी बाटली भरून नेते.

गुडघ्याच्या जरा वर, सरळ, मध्यम

वेणीबद्दल मी लिहिते, कारण एवढ्या लांबीला वेणीच सगळं ठरवते. साधी तीनपेडी वेणी पाण्यात हलते, मानेजवळ घासते आणि नेमका तिथेच गठ्ठा होतो. सागरवेणी घातली की कपाळापासूनचे केस डोक्याला धरून राहतात, सुटे उडत नाहीत. ती मानेपर्यंत आली की पुढचा शेपटा दुमडून वर घ्यायचा, टोक वेणीच्याच पेडात खोचायचं आणि दोन ठिकाणी कापडी रबर लावायचे. टोक बाहेर लोंबू द्यायचं नाही. सगळ्यात जुना आणि झिजलेला केस तोच. रबराला पत्र्याचा जोड असेल तर तो घरीच ठेवा, ओला केस त्यात अडकला की तुटूनच निघतो. वेणी फार आवळूही नये. ओली असताना बरी वाटते, वाळताना कपाळाजवळ ओढ बसते.

खांद्याखाली, कुरळे, खूप दाट

माझ्यासाठी समुद्र तलावापेक्षा वाईट. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. केस उन्हात वाळले की ते मीठ केसावर बसतं, केस एकमेकांना धरतात आणि गुंत्याची जट होते. म्हणून बाहेर आले की केस वाळायच्या आत गोडं पाणी, हा माझा नियम. आधी खाऊ, फोटो काढू, मग धुऊ, असं केलं की अख्खी संध्याकाळ गेली समजा.

धुताना शाम्पू दरवेळी नाही. भरपूर कंडिशनर चोपडायचा, केसांचे चार भाग करायचे आणि कंडिशनर अंगावर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर जात सोडवायचे. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे मुळाकडून खाली कंगवा ओढायचा नाही. कंगवा अडला की थांबायचं, वरचा भाग मुठीत धरायचा आणि खालचा गुंता आधी बोटांनी मोकळा करायचा. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुना सुती टीशर्ट गुंडाळते आणि पाणी नुसतं टिपून घेते.

कमरेखाली, सरळ

मी खोबरेल तेलवाली. रसायनशास्त्र शिकवते, म्हणून कारणासकट सांगते. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असतं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. मिनरल ऑइल बहुतांशी वरवर बसतं. २००३ साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापून आली होती. तिघांपैकी धुण्यातून होणारी केसातल्या प्रथिनांची झीज कमी केली ती खोबरेलने. आत तेल असलं की केस पाण्याने कमी फुगतो. मी आदल्या रात्रीच लावून ठेवते, ऐन वेळी नाही. आत मुरायला वेळ लागतो, आणि चपचपीत थापण्याची गरजही नसते.

पाठीच्या मध्यापर्यंत, नियमित पोहणारी

तेलाबद्दल ताईंशी अर्धी सहमत. केसांना चांगलं, तलावाला नाही. डोक्याला तेल थापून मंडळी उतरली की पाण्यावर तवंग येतो, फिल्टरवर ताण पडतो आणि तेलाशी, घामाशी झटापट करण्यात क्लोरीन खर्ची पडतं. तलावाला जो उग्र वास येतो ना, तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, त्यांचा तो वास. म्हणजे उतरण्याआधीची आंघोळ आपल्या केसांइतकीच इतरांच्या डोळ्यांसाठीही. कितीतरी तलावांवर तेल लावून उतरायला मनाईच असते.

आणि एक, लॅटेक्सची टोपी घालत असाल तर तेल लावूच नका. तेलाने नैसर्गिक रबर खराब होतं, टोपी चिकट होऊन फाटते. सिलिकॉनला तेवढं होत नाही, पण तेलकट केसांवरून ती सटकत राहते.

*(धागाकर्ती: मग तेल समुद्रासाठी आणि आदल्या रात्री, तलावासाठी कंडिशनर थोडाच आणि वर टोपी, असं मी यापुढे करीन. नुसता कंडिशनर लावून बिनटोपीचं उतरणंही तलावाला तेवढंच नकोसं, हे मान्य.)*

कमरेपर्यंत, पूर्ण पांढरे

वयाची साठी ओलांडली आहे, केस कधी रंगवले नाहीत. मागे एका मुक्कामात रोज तलावात उतरायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नात म्हणाली, "आजी, तुझी वेणी हिरवी दिसतेय." मला वाटलं चेष्टा करतेय. खिडकीजवळ उजेडात शेपटा धरला तर खरंच टोकाकडची वीतभर वेणी फिकट हिरवट, आणि वर येताना हळूहळू पांढरी. मुळाशी काहीच नाही.

सगळ्यांनी क्लोरीनला शिव्या घातल्या. पण हिरवा रंग क्लोरीनचा नसतो, तांब्याचा असतो. शेवाळ मारायला तलावात तांब्याचे क्षार टाकतात, किंवा तांब्याच्या नळ्यांमधून तांबं पाण्यात उतरतं. पाणी आम्लधर्मी झालं तर जास्तच. ते केसातल्या प्रथिनांना चिकटतं. काळ्या केसांवरही चिकटतच असणार, दिसत नाही एवढंच. टोकं जुनी आणि सच्छिद्र, म्हणून तिथे आधी आणि गडद.

साध्या शाम्पूने काही निघेना. मग भाचीने चिलेटिंग शाम्पू आणून दिला. त्यात ईडीटीए असतं, ते धातूला पकडून पाण्याबरोबर बाहेर नेतं. फेस करून काही मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचं. पहिल्या धुण्यात अर्धा रंग गेला, उरलेला नंतरच्या एक-दोन धुण्यांत. मात्र केस कोरडे ठणठणीत होतात, वर कंडिशनर हवाच, आणि हा शाम्पू रोज वापरायचा नाही. कुणी खाण्याचा सोडा चोळायला सांगेल, मी त्या वाटेला गेले नाही. सोडा अल्कधर्मी, केस आणखी राठ करतो. आता पांढरी वेणी टोपीखाली जाते. नात मात्र अजून कधीकधी विचारते, परत हिरवी कधी करणार म्हणून.

खांद्याखाली, लहरी, पुरुष

आम्हा लांब केसवाल्या पुरुषांची इथे नोंद व्हावी! मी स्नॉर्कलिंग आणि डायव्हिंग करतो. तिथला शत्रू म्हणजे मास्कचा सिलिकॉनचा पट्टा. ओल्या केसांना तो असा धरतो की मास्क काढताना मूठभर केस उपटून येतात. पट्ट्यावर निओप्रीनचं कापडी वेष्टण मिळतं, ते चढवा. एवढ्याशा वस्तूने निम्मा त्रास संपतो. डोक्याला ताणणारा नळीसारखा रुमाल घातला की पट्टा केसांवर बसतच नाही. आणि कपाळावरचे सुटे केस मास्कच्या कडेखाली आले तर आत पाणी शिरतं, तेव्हा मास्क लावण्याआधी ते बोटाने मागे सारायचे. वेणी मानेजवळ, खाली. उंच बांधली तर पट्टा नीट बसत नाही.

मुलीचे केस कमरेपर्यंत, लिहिणारा बाप

केसांच्या आरोग्याचं सगळ्यांनी लिहिलंय, मी जिवाचं लिहितो. तलावाच्या तळाशी किंवा भिंतीत पाणी ओढून घेणाऱ्या जाळ्या असतात. जाळी तुटलेली किंवा चुकीची असेल तर मोकळे लांब केस आत ओढले जातात, पीळ बसतो आणि डोकं पाण्याखाली अडकतं. छोट्या गरम पाण्याच्या टबमध्ये धोका जास्त, कारण तिथे डोकं आणि जाळी जवळजवळ. अमेरिकेत २००७ साली अशा अपघातांवरून कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित झाकणं सक्तीची झाली. सगळीकडे तसा कायदा असेल असं धरून चालू नका. मी आधी पाण्यात उतरून जाळ्या बघतो. हलणारी, फुटकी दिसली तर पोरीला उतरवत नाही. आणि तिचे केस कायम बांधलेले. "बाबा, जलपरीसारखे मोकळे सोडू ना" यावर वाटाघाटी नाहीत.

मानेखाली, पातळ, रंगवलेले

थोडक्यात. रंग लावून लगेच तलावात जाऊ नका, मध्ये काही दिवस जाऊ द्या. ब्लीच केलेले केस सच्छिद्र असतात, ते क्लोरीनही जास्त घेतात आणि तांबंही. मी सुट्टीनंतरच रंगवते.

कमरेपर्यंत, पातळ, सरळ

पाण्याला उगाच बदनाम करतोय आपण. माझ्या केसांची खरी वाट लागते ती बोटीवर, वाऱ्यात. ओले केस मोकळे सोडून टपावर बसायचं आणि मग उतरेपर्यंत डोक्याचा झाडू. स्कार्फ घट्ट बांधा. उन्हापासूनही तोच वाचवतो. केसाचा रंग आणि प्रथिनं दोन्ही उन्हाने खराब होतात.

पाठभर, दाट, कोंड्याचा त्रास

रात्रीचं कुणीच लिहिलं नाही. दाट केस दिवसभर ओल्या अंबाड्यात राहिले की वास येतो, टाळू खाजते. टाळूवरची बुरशी दमटपणात खूश असते. मी म्हणून संध्याकाळचं पोहणं सोडलं. सकाळी पोहते, धुते, दुपारी सावलीत केस मोकळे सोडून बसते. झोपताना केस मुळाशी तरी कोरडे हवेत. ड्रायर वापरायचाच तर कोमट हवेवर आणि लांबून. आणखी एक, हातातल्या सामानात द्रव पदार्थांच्या बाटल्या बऱ्याच विमानतळांवर १०० मिलिलिटरपर्यंतच चालतात. लांब केसांना तेवढा कंडिशनर दोन धुण्यांत संपतो. मोठी बाटली चेक-इन बॅगेत टाका. मुक्कामाच्या ठिकाणच्या चिमुकल्या बाटल्यांवर विसंबू नका.

कमरेखाली

मी काही म्हणजे काहीच करत नाही. उतरते, पोहते, धुते. फाटे फुटले की कापते. केस परत येतात, सुट्टी येत नाही.

पोटरीपर्यंत, प्रश्न

एवढे केस टोपीत मावतात तरी कसे? माझी टोपी दरवेळी डोक्यावरून उडी मारते.

मांडीपर्यंत, वरच्या प्रश्नाला

अंबाडा डोक्यावर घालताय का? तो खाली, मानेच्या खळग्यात हवा, आणि उंच नाही, चपटा. दोन वेण्या घालून त्या डोक्याच्या मागच्या बाजूला आडव्या एकमेकींवर वेढल्या की आणखी चपट बसतात. टोपी सिलिकॉनची, लांब केसांसाठी मागे फुगीर केलेली घ्या. आधी आतून ओली करा. मान खाली वाकवा, पुढची कड कपाळावर धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी मागची कड दोन्ही हातांनी ताणून अंबाड्याखाली ओढायला सांगा. नखं लावू द्यायची नाहीत, तिथेच चीर पडते. केस ओढले जात असतील तर आत लायक्राची पातळ टोपी घाला. पाणी तरीही आत येतंच, तेव्हा आधी साध्या पाण्याने भिजवणं काही चुकत नाही. पोटरीपर्यंतचे केस मात्र कदाचित तरीही मावणार नाहीत. तसं झालं तर टोपीचा नाद सोडा आणि वर लिहिलीय तशी सागरवेणी दुमडून बांधा.