मदत हवी आहे: गोड्या पाण्याच्या टँकवरून खाऱ्या पाण्याकडे

नमस्कार मंडळी,

पुण्यात राहतो. गोड्या पाण्याचा टँक बरीच वर्षं आहे. गप्पीपासून सुरुवात झाली, मग एंजल, आणि सध्या झाडांचा टँक, त्यात निऑन टेट्रा आणि कोरीडोरा. माशांच्या घाणीतला अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात हे चक्र माहीत आहे, त्यामुळे 'आधी गोड्या पाण्यात हात बसवा' हा सल्ला कृपया नको. क्लाउनफिश या समुद्री माशांची जोडी ठेवायची आहे, एवढंच. प्रवाळ नंतर बघू, कदाचित कधीच नाही.

हाताशी आहे ते असं: एक तीन फुटी रिकामा टँक (३६ × १५ × १८ इंच, काठोकाठ भरला तर १६० लिटरच्या आसपास), कॅनिस्टर (टँकबाहेर बसणारा) फिल्टर, हीटर आणि स्वयंपाकघरातला आरओ. या टँकमध्ये पूर्वी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध वापरलेलं आहे, त्याने काही बिघडतं का?

खरा प्रश्न पाण्याचा. आमचं गाव गुहागरजवळ, अधूनमधून गाडीने जाणं होतं. दुकानात टँकसाठी बनवलेल्या सागरी मिठाची बादली पाहिली, किंमत वाचली आणि परत ठेवली. वडील म्हणाले, "अख्खा समुद्र फुकट असताना मीठ कसलं विकत घेतोस?" मला उत्तर सुचलं नाही. वीस लिटरचे कॅन भरून पाणी आणलं, सोबत खडपावरचे दोन-चार दगड आणि थोडी पुळणीची वाळू आणली तर चालेल का? नाहीतर मिठागरातलं खडे मीठ?

आणि उन्हाळा. घर वरच्या मजल्यावर आहे, चिलर (पाणी गार करणारं मशीन) परवडणार नाही.

प्रतिसाद १

वडिलांचं अगदीच चूक नाही. समुद्राचं पाणी चालतं, पण कुठलं आणि कधीचं ते बघावं लागतं. गुहागरच्या उत्तरेला दाभोळची खाडी, दक्षिणेला जयगडची. खाडीच्या तोंडाशी पाणी गोडसर आणि गढूळ असतं, पावसाळ्यात तर किनाऱ्यावरही तेच. डिसेंबर ते एप्रिल, भरतीच्या वेळी, उघड्या किनाऱ्यावरून, होड्या आणि जेटीपासून लांब जाऊन भरा. गाळून, झाकून, अंधारात ठेवा आणि वापरण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) विशिष्ट घनता १.०२५ येतंय का बघा.

आता हिशेब करा. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर पंधरा लिटर, म्हणजे महिन्याला साठ. तीन कॅन दर महिन्याला गावाहून येणार का? आणि जुलैत अमोनिया चढला तर त्या रात्री पाणी कुठून आणणार? म्हणून मिठाची बादली घरात हवीच. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त. किंमत वाचून बसतो तो धक्का पहिल्यांदा टँक भरतानाचाच, कारण तेव्हा पाच किलो एकदम जातं.

खडे मीठ नको. मिठागरात मीठ बसलं की उरलेलं कडू पाणी काढून टाकतात आणि मॅग्नेशियम बहुतेक त्याच्याबरोबर जातं. हातात उरतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. माशाला समुद्र हवा असतो, नुसता खारटपणा नव्हे.

दगडांना मात्र हात लावू नका. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवर कठीण प्रवाळ असू शकतात. २००१ पासून ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, समुद्रपंखेसुद्धा (पंख्यासारखे दिसणारे प्रवाळ). 'मला ओळखू आलं नाही' हे वनखात्यासमोर चालत नाही. शिवाय दगडाच्या भोकांतून काय काय बाहेर येईल याचा नेम नाही. कोरडा, सच्छिद्र दगड विकत घ्या, बाटलीतले जिवाणू सोडा आणि महिना-दीड महिना मासा न टाकता चक्र बसू द्या. जुन्या स्पंजमधले गोड्या पाण्यातले जिवाणू इथे भरवशाचे नाहीत. या पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो, त्यामुळे तेवढाच अमोनिया इथे जास्त जहरी ठरतो.

आरओचं पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर मोजा. घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळतात. तुम्हाला शून्याच्या जवळ हवंय, मिसळणारी चावी बंद करून पुढे डीआय रेझिनचं (उरलेसुरले क्षार शोषणारं) नळकांडं जोडा.

टँकमध्ये जे पाणी तेच वरून ओतायची सवय मात्र मोडावी लागेल. वाफ होऊन पाणी उतरलं की मीठ मागेच राहतं, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची, रोज, थोडी थोडी. खाऱ्या पाण्याने भर घातली तर खारटपणा चढतच जातो.

प्रतिसाद २

चिलरशिवाय नुसते मासे ठेवता येतील. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा लावा. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती जेमतेम चालते. लक्ष्य २६-२७ अंश ठेवा. तिशीच्या वर गेलं की प्राणवायू कमी पडतो, वेव्हमेकर (पाणी घुसळणारा पंप) पृष्ठभागाकडे वळवा. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा. कॅनिस्टर चालेल, पण आठवडा-दोन आठवड्यांनी धुवा, नाहीतर तिथे घाण साठून नायट्रेट वाढतं.

तांब्याबद्दल: माशांना चालून जाईल, पण झिंगे आणि शंखगोगलगाई नंतर ठेवायच्या असतील तर नवा टँक करून घ्या. काचवाला तीन फुटी टँक काही फार महाग देत नाही. जुन्या टँकची रेती ठेवली असेल तर ती टाकूनच द्या. आणि पांढरे ठिपके इथेही येतात, पण परजीवी वेगळा, त्यामुळे चिमूटभर मिठाचा घरगुती उपाय विसरा. नवा मासा आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवा.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. कडू पाण्याचं वडिलांना सांगितलं, ते गप्प बसले, हे आमच्या घरी क्वचित होतं. नवा टँक करतोय. क्लाउनफिश कुठले घ्यावेत? ॲनिमोन (ज्याच्या स्पर्शकांत ते राहतात तो समुद्री जीव) लागतं का?

प्रतिसाद १

टँकमध्ये पैदास केलेलेच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम केंद्राने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज नाही. दोन पिल्लं घ्या, एक किंचित मोठं. सगळेच नर म्हणून वाढतात आणि वरचढ होतो तो मादी होतो, जोडी आपोआप जमते. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. खात नसेल तो मासा घेऊ नका, कितीही स्वस्त दिला तरी.

ॲनिमोन पहिलं वर्षभर तरी नको. नसलं तरी त्यांचं काही अडत नाही, फिल्टरच्या नळीलाच घर मानतात. उलट ते मेलं तर एका रात्रीत टँक नासवतं.