मदत हवी आहे : दात्याचं हाड बसवलंय, सात महिने झाले तरी फट दिसतेय

कोपरीकर
भावाच्या (वय २४) गुडघ्याची गाठ काढून हाडांच्या बँकेतलं दात्याचं हाड बसवलं. सात महिने झाले. कालच्या एक्सरेत दोन हाडांच्या जोडातली फट तशीच. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी या. काखा सोलून निघाल्यात कुबड्यांनी. वजन टाकू दे की नको? सरळ सांगा.

हाडजोड
गाठ कोणती? मांडीच्या हाडाची की नडगीची? केमो झाली का? फट नेमकी कुठे? एवढं न विचारता जो सरळ उत्तर देईल, त्याचं ऐकू नका.

घणसोली फिजिओ
काखा सोलल्या म्हणजे कुबड्या उंच झाल्यात. काखेखाली दोन-तीन बोटं मोकळी हवीत, भार तळव्यांवर. काखेत रेटून उभं राहिलं तर नस दबून मनगट लुळं पडतं. उंची आजच कमी करा.

खाडीपलीकडे
ॲलोग्राफ्टच्या (दात्याच्या हाडाच्या) नादी लागायलाच नको होतं. मेगाप्रोस्थेसिस, म्हणजे धातूचा मोठा सांधा, घातलं असतं तर पठ्ठ्या एव्हाना बाजारात फिरला असता.

हाडजोड
चोविसाव्या वर्षी? सांध्यातली प्लास्टिकची बुश झिजते, हाडात रोवलेला धातूचा दांडा सैल होतो, आणि दर बदलीला थोडं थोडं हाड जातं. पुढे घालायला हाड उरायला नको?

खाडीपलीकडे
आणि दात्याचं हाड मोडत नाही वाटतं? मेलेलं हाड ते. स्क्रूसाठी पाडलेली भोकं कधी भरून येत नाहीत, तिथूनच तडकतं.

हाडजोड
म्हणूनच त्यात स्क्रू मोजके घालतात आणि प्लेट पूर्ण लांबीची लावतात. हे भांडण ऑपरेशनआधीचं आहे, आता त्याचा काय उपयोग?

शांतीवन
शरीराने हाड नाकारलं असेल. रक्तगट जुळवला होता का? शिवाय रोज नाचणी आणि डिंकाचे लाडू द्या.

उतीपेढी
लाडू द्या, पण फट त्याने भरत नाही. हाडासाठी सहसा रक्तगट जुळवत नाहीत, किडनीसारख्या आयुष्यभराच्या गोळ्याही नसतात. दात्याच्या एचआयव्ही, कावीळ बी-सी, सिफिलिसच्या तपासण्या होतात. हाड उणे ७० ते ८० अंशांत ठेवतात. काही बँका २५ किलोग्रे मात्रेचे गॅमा किरण देतात. जंतू मरतात, पण हाड थोडं ठिसूळ होतं. तुमचं हाड किरण दिलेलं होतं का, ते ऑपरेशनच्या कागदांत असेल.

कोपरीकर
जायंट सेल ट्यूमर. केमो नाही. मांडीचं हाड, खालचं टोक. लांब प्लेट आहे. फट गुडघ्याच्या वर वीतभर. आता तरी सांगा!

हाडजोड
हे आधी लिहायचं होतं. वीतभर वर म्हणजे हाडाच्या मधल्या लांब भागातला जोड. तिथलं हाड कडक, रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो सावकाशच भरतो; वर्ष लागलं तरी नवल नाही. गुडघ्यालगतचं पोकळ हाड लवकर धरतं. जोडणारी पेशी फक्त तुमच्या भावाच्या हाडातून येते, दात्याचं हाड नुसता पूल. म्हणून नुसत्या फटीवरून घाबरू नका, स्क्रू बघा. मूळ फिल्म उजेडासमोर धरा, व्हॉट्सॲपवरचा फोटो नको. स्क्रूभोवती काळी कड, वाकलेला स्क्रू, प्लेटीला बाक, यातलं काही असेल तर तीन महिने थांबायचं नाही. नसेल तर सीटी करून जोड किती भरलाय ते विचारा. वर्षभरातही भरला नाही तर कमरेच्या हाडाचा चुरा घालून प्लेट पुन्हा आवळतात. तोवर वजन नाही.

घणसोली फिजिओ
वजन नाही म्हणजे व्यायाम बंद असं नव्हे. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुडघा किती वाकवायचा ते सर्जनला विचारूनच.

कोपरीकर
स्क्रू बघतो. एक राहिलं, महत्त्वाचं नसेल. रात्री संडासला जाताना कुबडी न घेता जातो. परवा कट् असा आवाज आला, तेव्हापासून मांडी दुखते.

हाडजोड
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! आजच न्या. पाय अजिबात टेकवायचा नाही, लांब नी ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) असेल तर लावा, नसेल तर पायाला बाजूने फळी बांधा. कमरेपासून गुडघ्यापर्यंत अख्ख्या मांडीचे समोरून आणि बाजूने असे दोन एक्सरे. ताप, जखमेतून पाणी किंवा लाली असेल तर तेही सांगा, सीआरपी आणि ईएसआर या संसर्ग बघणाऱ्या रक्ततपासण्या लागतील.

कोपरीकर
परळच्या हॉस्पिटलात नेऊ की खारघरच्या?

ट्रान्सहार्बर
खारघरला जायचं तर ठाण्याहून पनवेल गाडी पकडा. वाशी गाडीत बसलात तर

हाडजोड
लोकल विसरा, ॲम्ब्युलन्स करा. ऑपरेशन झालं तिथेच न्या. जुन्या सगळ्या फिल्म तारखेनुसार लावून घ्या, आणि आवाज किती वाजता आला ते लिहून ठेवा.