ऑपरेशनआधी उपाशी राहून वजन उतरवावं का?
तुम्ही लिहिलंय की वडिलांचं प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचं ऑपरेशन पाच आठवड्यांवर आलंय आणि ते रात्रीचं जेवण सोडून बसलेत, "वजन उतरलं की गाठ मंदावते" असं कुणी सांगितलं म्हणून. कृपया त्यांना जेवायला लावा.

या प्रश्नावर अमेरिकेत अलाबामाला एक चाचणी झाली होती, 2017 साली प्रसिद्ध झाली. प्रोस्टेट काढायचं ठरलेले, वजन जास्त असलेले 40 पुरुष. आहार-व्यायामाच्या गटाचं वजन सरासरी पावणेपाच किलोच्या आसपास उतरलं, लेप्टिन, म्हणजे चरबीतून निघणारं हार्मोन, तेही घटलं. पण काढलेल्या गाठीत के-आय-67, म्हणजे पेशी किती वेगानं विभागताहेत याची खूण, हा कार्यक्रम न केलेल्या दुसऱ्या गटापेक्षा त्याच गटात जास्त निघाली! टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तेही वाढलं होतं. चरबी घटली की ते वाढतं आणि प्रोस्टेटच्या पेशी त्यावरच पोसतात, हे एक संभाव्य कारण. माणसं थोडी, काळ थोडा, त्यामुळे वजन उतरवणं घातक असा अर्थ कृपया काढू नका.

पोटाचा घेर कमी झाला तर सर्जनला सोपं जातं, हे मात्र खरं. रोबोटिक ऑपरेशनमध्ये डोकं खाली, पाय वर असं तासन्‌तास झोपवतात. पोटाचा सगळा भार छातीवर येतो. माझ्या वडिलांना भूलतज्ज्ञांनी रोज चालायला आणि श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रात नळीतून श्वास आत ओढून तीन गोळे उचलायला लावलं होतं. जेवणातली प्रथिनं मात्र कमी करू दिली नाहीत, जखम त्यावरच भरते म्हणाले.

वडिलांना मधुमेह आहे का? गोळ्या चालू असतील तर उपास आजच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा.