पीएचडीसाठी नव्या गावी एकटी जातेय, दिसत नाही. आधी रस्ते शिकू की पुस्तकांच्या मागे लागू?

सहा_ठिपके:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. भाषाविज्ञानात पीएचडीला प्रवेश मिळालाय, सत्र सुरू व्हायला साडेतीन महिने आहेत. गाव लहान, म्हणजे विद्यापीठ वजा केलं तर फारसं काही उरणार नाही असं. ओळखीचं कुणीही नाही.

माझं वय २५. रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणारा आजार. अकराव्या वर्षापर्यंत ठळक अक्षरं वाचता यायची, आता दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. ब्रेल चांगलं येतं, चाळीस सेलचा ब्रेल डिस्प्ले आहे (पडद्यावरचा मजकूर बोटांखाली उठावाच्या ठिपक्यांत देणारा), लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर. काठी वापरते, पण पाठ असलेल्या रस्त्यांवरच. एमए घरी राहून केलं. दादा सोडायचा, मैत्रिणी परत आणायच्या. अनोळखी चौक एकटीने शेवटचा कधी ओलांडला ते आठवत नाही. घरात हे कुणाला बोललेले नाही, इथे लिहितेय.

आता घोळ असा. बाबा म्हणतात दोन महिने आधी जा, गाव रिकामं असताना निवांत रस्ते शिकून घे. आई म्हणते मीच पहिलं सत्र येऊन राहते. आणि मला धास्ती पुस्तकांची. एमएला वाचायचं साहित्य परीक्षेच्या तोंडावर हातात पडायचं, तेही कुणीतरी फोनवर काढलेले वाकडेतिकडे फोटो. त्यात आमच्या विषयात आयपीएची, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची, उच्चारचिन्हं. स्क्रीन रीडर त्यातली कितीतरी गिळतो, आणि गिळली हेसुद्धा सांगत नाही!

तर आधी काय करू? खोली विभागाला चिकटून घ्यावी का? आणि आईला काय सांगू?

चौथं_दार:
अभिनंदन! मी जन्मांध, पीएचडी संपवून चार वर्षं झाली, विषय समाजशास्त्र. माझं उत्तर सरळ आहे. पुस्तकं आधी, आणि आधी म्हणजे या आठवड्यात.

रस्ता पंधरा दिवसांत पायात बसतो. पुस्तक तसं बसत नाही. मी पहिल्या सत्रात उलटं केलं. रस्ते चोख पाठ, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत हातात एक धड फाइल नाही. मिळाल्या त्या पीडीएफ म्हणजे पुस्तक उघडं ठेवून काढलेले स्कॅन, एका चित्रात दोन पानं. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, डाव्या पानाची ओळ उजव्या पानाला जोडून वाचली. मी दोन दिवस समजत होतो की लेखकच अवघड लिहितो.

पदवीला आपण लेखनिक, जादा वेळ यांच्या भरवशावर निभावतो. इथे परीक्षा थोड्या आणि वाचन ढीगभर. त्यामुळे विद्यापीठातल्या अपंग विद्यार्थ्यांच्या कक्षाकडे नाव आत्ताच नोंदव, सत्र सुरू झाल्यावर नाही. ते वैद्यकीय कागद मागतील. पण कक्षाचं पत्र प्राध्यापकांना जाईल यावर विसंबू नकोस. पहिल्या सत्रात जे शिकवणार आहेत त्यांना स्वतः मेल टाक आणि वाचनाची यादी माग. यादी तयार नसेल तर पहिल्या चार आठवड्यांची माग, ती बहुतेकांच्या डोक्यात असते. कक्ष प्रकाशकाकडून मूळ फाइल मागवू शकतो, त्यात आठवडे जातात. देश बदलत असशील तर मराकेश कराराची चौकशी कर. २०१३ चा करार, २०१६ पासून लागू. दोन्ही देश त्यात असतील तर एका देशात तयार झालेली ब्रेल किंवा डेझी (अंधांसाठीचं डिजिटल बोलकं पुस्तक) प्रत अधिकृत संस्थेमार्फत दुसऱ्या देशात कायदेशीरपणे पाठवता येते. तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून तयार करत बसायला नको.

आयपीएचं म्हणशील तर ब्रेलमध्ये त्याची पूर्ण संहिता आहे, २००८ साली सुधारून आलेली. कानावर सोडू नकोस, बोटांनी वाच. वाक्यरचनेचे वृक्ष, म्हणजे वाक्याचे भाग फांद्यांसारखे दाखवणाऱ्या आकृत्या, चित्रात मागू नकोस, चौकटी कंसांच्या रूपात माग. तीच माहिती एका ओळीत येते. मला भाषाविज्ञान येत नाही, हे माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीकडून ऐकलेलं. ती प्रात हे ध्वनिविश्लेषणाचं सॉफ्टवेअर स्क्रिप्ट लिहून चालवायची. चित्र डोळस लोक बघायचे, तिच्याकडे आकडे असायचे, आणि वाद झाला की आकडे जिंकायचे.

खोलीबद्दल दुसरं कुणी लिहील. माझं एवढंच, की खूण अशी निवड जी बंद पडत नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्टमधून बाहेर पडलं की डाव्या हाताला पाणी गार करणारं यंत्र गुरगुरायचं, त्याच्यापुढचं चौथं दार माझं. सुट्टीत कुणीतरी ते यंत्र बंद केलं. मी पाच मिनिटं शेजाऱ्याच्या कुलपाशी झटत होतो, आणि आतून तो घाबरून ‘कोण आहे’ म्हणून ओरडत होता. टोपणनाव तिथूनच आलंय.

पायवाट:
मी डोळस आहे. अंध व्यक्तींना काठीने फिरायला शिकवणं हे माझं काम, सोळा वर्षं. वरच्या दादांशी निम्मी सहमत.

‘पंधरा दिवसांत रस्ता पायात बसतो’ हे ज्याला चौक ओलांडता येतो त्याच्यासाठी खरं आहे. ताई, तुम्हीच लिहिलंय की ते तुम्हाला आठवत नाही. मग नव्या गावाचा नकाशा पाठ करून काय उपयोग? हे साडेतीन महिने आत्ता जिथे आहात तिथे अनोळखी चौकांवर घाला, प्रशिक्षक घेऊन. कौशल्य सोबत येतं, रस्ता येत नाही.

बाबांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण दोन महिने आधी जाऊ नका. रिकामं गाव शिकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात उलट असतं. आपण चौक ओलांडतो तो आपल्याला समांतर जाणाऱ्या गाड्या सुटल्याचा आवाज ऐकून. गाड्याच नसतील तर ऐकणार काय? शिवाय सुट्टीत बसचं वेळापत्रक वेगळं, फुटपाथ खणलेले, आणि सत्र सुरू झालं की रस्त्यात आडव्या पडलेल्या सायकली आणि स्कूटर. तुम्ही एक गाव शिकाल आणि राहाल दुसऱ्याच गावात. दोन-अडीच आठवडे आधी पुरे.

तिथे गेल्यावर एक रस्ता घ्या, खोली ते विभाग. तो जाण्याचा आणि येण्याचा असा दोनदा शिका, कारण परतीचा रस्ता हा वेगळाच रस्ता असतो. जाताना जी भिंत उजव्या हाताला ती येताना डावीकडे, आणि जाताना लागलेला उतार येताना चढ. मग मुद्दाम चुका. प्रशिक्षकाला सांगा, मला कुठेही नेऊन सोडा, मी शोधून काढते. पहिली चूक प्रशिक्षक जवळ असताना झालेली बरी.

गावातली वाहनं तुमच्या सवयीच्या उलट बाजूने चालत असतील तर आणखी एक. फुटपाथवरून उतरल्यावर पहिली गाडी ज्या कानाला यायची त्याच्या दुसऱ्या कानाला येते. हे डोक्याला कळतं, पण अंगाला कळायला आठवडे लागतात.

विद्यापीठाच्या आवारात भीती रस्त्याची नाही, मोकळ्या हिरवळीची. कड नाही, भिंत नाही, तिरक्या पायवाटा. तिथे लांबचा असला तरी कडेकडेचाच रस्ता धरा. गोल चौक असेल तर वळसा घालून पुढच्या सिग्नलला ओलांडा. गोल चौकात गाड्या थांबतच नाहीत, नुसत्या मंदावतात, त्यामुळे कानाला ठाम खूण मिळत नाही. बर्फ पडणारं गाव असेल तर पहिल्या बर्फाच्या दिवशी एकटीने बाहेर पडू नका. काठीखालच्या कडा बुजतात आणि आवाजही मऊ होऊन जातो.

काठ्या दोन न्या. एक दारात अडकून मोडतेच.

रूममेट_नंबर_दोन:
मी डोळस, दोन वर्षं एका अंध मैत्रिणीबरोबर घर घेऊन राहिले. खोलीबद्दल मी सांगते.

विभागाला चिकटून घेऊ नकोस, बसच्या थांब्याला चिकटून घे. नाहीतर तुझं सगळं जग खोली आणि विभाग एवढंच होईल. माझ्या मैत्रिणीचं पहिलं वर्ष तसंच गेलं.

भाडेकराराआधी घरातल्या यंत्रांच्या बटणांचे फोटो मागव. गंमत नाही करत. आमच्याकडची शेगडी काचेची, सपाट, वर बोट ठेवायची बटणं. बोटाने चाचपायला गेलं की तीच चालू! उठावाचे ठिपके चिकटवले, तर ठिपका शोधताना शेजारचं बटण दाबलं जायचं. शेवटी जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून तो वर ठेवायचो, म्हणजे नको तिथे बोट लागायचं नाही. फिरवायची बटणं असलेलं घर मिळालं तर दहा मिनिटं जास्त चालावं लागलं तरी घे.

आई येऊ देत. पण पंधरा दिवस, आणि कामं वाटून. लेबलं लावणं, कागदांवर कुठे सही करायची ते दाखवणं, दुकानाच्या दाराची पायरी उंच आहे का ते बघून सांगणं. रस्त्यावर मात्र आईचा हात नको. माझ्या मैत्रिणीची आई महिनाभर हात धरून फिरवत होती. ती गेल्यावर कळलं की रस्ता आईला पाठ झाला होता.

नकाशेवाला:
थोडं तांत्रिक. जीपीएस इमारतीपाशी नेऊन सोडतं, दारापाशी नाही. काही मीटर इकडेतिकडे होतंच, आणि दार नेमकं त्या काही मीटरांत असतं. मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप होतं, आजूबाजूला काय आहे ते आवाजाने सांगणारं ॲप, ते २०२३ मध्ये बंद झालं. पण कोड खुला केल्यामुळे त्यावर बेतलेली ॲप आहेत, आणि ती ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात. तो नकाशा कुणीही दुरुस्त करू शकतं. तिकडच्या कुणा विद्यार्थ्याला, नाहीतर तुझ्या भावी विभागातल्या माणसाला गाठ. इमारतींची दारं, पायऱ्या, ओलांडायच्या जागा त्यात भरायला एक दुपार लागते. तू पोचायच्या आधी दारं नकाशावर येतील.

सहा_ठिपके:
सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, म्हणून कळवतेय.

चार प्राध्यापकांना मेल टाकले. दोघांनी यादी पाठवली, एकाने ‘सत्र सुरू झाल्यावर बघू’ म्हटलं, त्याला परत लिहिलंय. चौथ्या बाईंनी विचारलं की उदाहरणं तीन ओळींची असतात, वर मूळ वाक्य, मधे शब्दाशब्दाचा अर्थ, खाली भाषांतर, ते तू कसं वाचतेस? आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या डिस्प्लेवर एका वेळी एकच ओळ येते. म्हणजे पहिली ओळ लक्षात ठेवून दुसरी चाचपायची, आणि कुठला अर्थ कुठल्या शब्दाखाली होता ते मोजत बसायचं. मी लिहिलं की शब्द आणि लगेच त्याचा अर्थ अशा जोड्या केल्या तर बरं. त्यांनी एक धडा तसा करून पाठवलाय.

काचेच्या शेगडीचं घर सोडलं. आईशी तीन आठवड्यांवर तडजोड झाली. तिने ‘लेबलं’ ऐकून आत्ताच चिकटपट्ट्या जमवायला सुरुवात केलीय.

पायवाटताई, प्रशिक्षक मिळाला, आठवड्यातून दोनदा. आणि रविवारी दादाला म्हटलं, गाडी चौकाच्या अलीकडे थांबव, पुढे मी जाते. तीन सिग्नल नुसती उभी राहून ऐकत होते. चौथ्याला समांतर गाड्या सुटल्या आणि मी निघाले. मधे थोडी तिरकी गेले, पण काठीला पलीकडची कड लागली. मागून दहा पावलांवर दादाच्या चपला वाजत होत्या. त्याला सांगितलंय, पुढच्या वेळी गाडीतच बसायचं.