भावाबहिणीची आइस डान्स जोडी: ज्युनिअर गटात वयातले अंतर आड येते का?

प्रश्न (जळगावचे एक पालक):

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा १५ वर्षांचा आणि मुलगी ११ वर्षांची असून दोघेही चार वर्षांपासून चारचाकी स्केट्सवर कलात्मक स्केटिंग शिकत आहेत. मे महिन्यात आमच्याकडचे काँक्रीट सूर्य मावळल्यानंतरही बराच वेळ तापलेले असते, म्हणून सराव पहाटे साडेपाचला असतो. मुलगी अडखळली की मुलगा काही न बोलता तिचे मनगट दोनदा दाबतो आणि ती पुन्हा तालावर येते, हे मी रोज पाहतो. आता प्रशिक्षकांनी दोघांनी जोडीने खेळावे असे सुचवले आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे मात्र असे, की चार वर्षांच्या अंतरामुळे एक तर मुलाची वर्षे वाया जातील, नाही तर मुलीवर तिला न पेलणारा भार पडेल. आइस डान्समध्ये, म्हणजे बर्फावरच्या जोडीनृत्यात, भावाबहिणींच्या जोड्या ज्युनिअर गटातून पुढे आल्या आहेत. त्यांनी हे अंतर कसे निभावले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (भुसावळ):

भाऊ, तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण अमेरिकेच्या माया आणि ॲलेक्स शिबुतानी यांचे आहे. ॲलेक्सचा जन्म एप्रिल १९९१ मधला, मायाचा २० जुलै १९९४ चा, आणि जोडी जमली २००४ मध्ये. आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धांसाठी मोसमाच्या आधीच्या १ जुलैपूर्वी वयाची १३ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. मायाला तेरावे वर्ष पूर्ण झाले ते २० जुलै २००७ रोजी. म्हणजे जेमतेम वीस दिवसांसाठी २००७-०८ चा अख्खा आंतरराष्ट्रीय मोसम दोघांच्याही हातून गेला, आणि स्वतः नियमात बसत असूनही भावाला बहिणीसाठी थांबावे लागले. पुढच्याच, म्हणजे २००८-०९ च्या मोसमात त्यांनी सोफिया येथील जागतिक ज्युनिअर स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. आंतरराष्ट्रीय ज्युनिअर गटात दोन मोसम काढून ते वरिष्ठ गटात गेले, तिथल्या पहिल्याच मोसमात, २०११ साली, त्यांना जागतिक कांस्यपदक मिळाले आणि २०१८ मध्ये ऑलिंपिकचेही कांस्य मिळाले. तुमची मुलगी १३ वर्षांची होईल तेव्हा मुलगा १७ चा असेल. ॲलेक्सनेही आंतरराष्ट्रीय ज्युनिअर गटात पाऊल ठेवले ते सतराव्या वर्षीच. त्याचे थांबणे वाया गेले असे मला मुळीच वाटत नाही.

उत्तर २ (धुळे, स्केटिंग प्रशिक्षक):

वयापेक्षा उंचीकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. आइस डान्समध्ये पेअर स्केटिंगसारखे जोडीदाराला डोक्यावर उचलणे किंवा हवेत फेकणे नसते, त्यामुळे मुलीवर न पेलणारा भार पडेल ही भीती इथे बरीच कमी आहे. खरी कसोटी जवळून आणि एका लयीत घसरण्याची असते. त्यासाठी आइस डान्सच्या ब्लेडची मागची शेपटीसुद्धा इतर ब्लेडपेक्षा आखूड ठेवतात, जेणेकरून दोघांचे पाय एकमेकांत अडकू नयेत. ट्विझल म्हणजे एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या सलग गिरक्या. त्या शेजारी शेजारी घेताना एकाची गिरकी किंचित उशिरा पूर्ण झाली तरी परीक्षकांना लगेच दिसते. बारा-तेराव्या वर्षी मुलगी झपाट्याने वाढू लागली की तिचा तोल आणि पावलाची लांबी दोन्ही बदलतात, आणि त्या काळात उंच भावाने गुडघे अधिक वाकवून तिच्या पावलाशी आपले पाऊल जुळवायचे असते. हे धीराचे काम आहे, पण मनगट दाबून बहिणीला सावरणाऱ्या मुलाला ते जमेल. नृत्याचा विषय प्रेमकथेचाच हवा असेही कुठे नाही. गुण रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य यांना मिळतात.

उत्तर ३ (नंदुरबार):

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. २०१७ मध्ये अमेरिकेचे रेचल आणि मायकेल पार्सन्स, २०२२ मध्ये अमेरिकेचेच ऊना आणि गेज ब्राउन आणि २०२३ मध्ये चेकियाचे कातेर्झिना म्राझकोव्हा आणि डॅनिएल म्राझेक असे भावाबहिणीच जागतिक ज्युनिअर विजेते ठरले. तरीही एक गोष्ट पालकांनी आधीच मनाशी स्वीकारावी, की जोडी कायमची नसते. रेचलने २०१९ मध्ये खेळ सोडला, तेव्हा मायकेलने कॅरोलाइन ग्रीनबरोबर नवी जोडी केली. तीही त्याआधी आपल्या भावाबरोबर, गॉर्डनबरोबर, खेळत असे. या नव्या जोडीने २०२२ मध्ये फोर कॉन्टिनेन्ट्स ही युरोपाबाहेरच्या देशांची स्पर्धा जिंकली. म्हणून एकाला थांबावेसे वाटले तर दुसऱ्याने ते मनाला लावून घेऊ नये, हे दोघांनाही आजच सांगून ठेवा.

प्रश्नकर्ते:

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. काल रात्री मी दोघांना वेगवेगळे विचारले. मुलाने तत्काळ होकार दिला. मुलीने मात्र, दादाला थांबावे लागले तर तो रागावेल का, एवढेच विचारले, तेव्हा मी तिला शिबुतानी भावंडांचे ते वीस दिवस सांगितले. येत्या सोमवारपासून दोघे जोडीने सराव सुरू करणार आहेत.