मदत हवी आहे: ओळखीच्या माणसाच्या घरावर थकलेल्या ड्यूजसाठी लीन (घराच्या नोंदीवर थकबाकीचा बोजा) लावायचा का? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

बळेच_खजिनदार:

नमस्कार मंडळी. आमचं ४२ घरांचं काँडो कॉम्प्लेक्स आहे. गेल्या वर्षी समोसे आहेत म्हणून मीटिंगला गेलो आणि एचओएचा (घरमालकांच्या असोसिएशनचा) खजिनदार होऊन बाहेर आलो. ड्यूज, म्हणजे मेंटेनन्स, महिना ४८० डॉलर. त्यातून पाणी, कचरा, माळी, छपरांसाठीची गंगाजळी आणि मास्टर इन्शुरन्स. इन्शुरन्सच्या यंदाच्या हप्त्याबद्दल बोलायलाच नको.

एका घराचे आठ महिने आलेले नाहीत. ३,८४० मुद्दल, लेट फी आणि व्याज धरून ४,३०० च्या वर. मालक आपलेच, मराठी. दोन वर्षांपूर्वी पुण्याला परतले, घर भाड्याने दिलंय. भाडं वेळेवर पोचतं, भाडेकरूनेच सांगितलं. व्हॉट्सॲपवर विचारलं तर म्हणतात, "अरे, इथे आमच्या सोसायटीत लोक तीन-तीन वर्षं मेंटेनन्स देत नाहीत, सेक्रेटरी फक्त बोर्डावर नाव लावतो. बघतो पुढच्या महिन्यात."

मॅनेजमेंट कंपनीने सर्टिफाइड पत्र पाठवलं, ते परत आलं. पाकीट माझ्यासमोर आहे. वर पिवळा स्टिकर, 'अनक्लेम्ड', आणि मागे पोचपावतीचं हिरवं कार्ड तसंच कोरं (ते वालं ग्रीन कार्ड नव्हे). आता अध्यक्षबाईंचा ईमेल आलाय, "सगळ्यांनी यस कळवा, सोमवारी लीन रेकॉर्ड करू." तिघांनी यस पाठवलंय, माझं बाकी आहे.

पत्र परत आलं तर ते धरतात का? लीन लावला म्हणजे घर विकायलाच काढायचं का? बँकेचं कर्जही आहे, मग आधी हक्क कुणाचा? आणि आमच्या घरी गणपतीला यांच्याच हातचे मोदक असायचे, हे वेगळंच.

सॅनहोजेकर_जुना:

पाच वर्षं आमच्या एचओएच्या संचालक बोर्डावर काढली आहेत, म्हणून लिहितो. आधी त्या ईमेलला 'नो' कळवा. कॅलिफोर्नियात लीनचा निर्णय बोर्डाने खुल्या मीटिंगमध्ये बहुमताने घ्यावा लागतो आणि मत मिनिट्समध्ये नोंदवावं लागतं. ईमेलवरचे यस चालत नाहीत, आणि हे काम मॅनेजमेंट कंपनीवरही ढकलता येत नाही.

लीन म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तेच समजा. तुमच्या बाबतीत तो ओकलंडला, अलामेडा काउंटीच्या रेकॉर्डरकडे चढेल. त्याच्या किमान ३० दिवस आधी सर्टिफाइड टपालाने नोटीस जावी लागते. पत्र त्यांनी सोडवलं नाही हा तुमचा दोष नाही. पत्ता दर वर्षी लेखी कळवणं मालकाचं काम आहे. नाही कळवला तर शेवटचा लेखी पत्ता, तोही नसेल तर ते घरच पत्ता धरतात. मला काळजी पत्रात काय होतं याची आहे. मुद्दल, लेट फी, व्याज असा वेगवेगळा हिशोब होता का? बोर्डाला भेटून पेमेंट प्लॅन मागता येतो, हे लिहिलं होतं का?

बळेच_खजिनदार:

पाकीट उघडून बघितलं. एकच आकडा आहे आणि खाली "त्वरित भरणा करावा".

सॅनहोजेकर_जुना:

मग सोमवार विसरा, नोटीस नव्याने काढा. यात न्यायालयं काटेकोर असतात. २०१३ च्या डायमंड खटल्यात नोटिसांतल्या चुकांवरच असोसिएशनला दणका बसला होता. पायरी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तो खर्च असोसिएशनच्या माथी. मालकाच्या नव्हे.

घर विकणं ही फार पुढची पायरी. मुद्दल १,८०० डॉलरच्या खाली असेल आणि थकबाकीला वर्षही झालं नसेल तर फोरक्लोजर (थकबाकीसाठी घराचा लिलाव) करताच येत नाही. तुमचा आकडा वर आहे, पण त्यासाठी बोर्डाचं वेगळं मतदान लागतं, आणि कोर्टाबाहेर लिलाव झाला तर मालकाला ९० दिवसांत घर सोडवता येतं. लीनची खरी ताकद दुसरीकडे आहे. घर विकताना किंवा रीफायनान्स करताना टायटल कंपनीला (मालकीची कागदपत्रं तपासणारी) हा बोजा दिसतो आणि तुमचे पैसे चुकते झाल्याशिवाय एस्क्रो, म्हणजे व्यवहाराचे पैसे-कागद सांभाळणारा तिसरा पक्ष, पुढे सरकत नाही. बँकेचं कर्ज आधीचं, त्यामुळे हक्क आधी तिचा. तिने घर लिलावात काढलं तर तुमचा लीन पुसला जातो. देणं मात्र त्यांच्या अंगावर राहतंच.

वेगासवाला:

आमच्या नेवाडात उलटी गंगा. नऊ महिन्यांच्या ड्यूजपुरता एचओएचा हक्क बँकेच्याही आधी. २०१४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा फोरक्लोजरमध्ये बँकेचं पहिलं कर्जही पुसलं जातं. तेव्हापासून बँका स्वतःहून ड्यूज भरायला धावतात.

टँपाची_काकू:

फ्लोरिडात काँडो असोसिएशन लेखी नोटीस देऊन भाडेकरूकडून भाडंच मागू शकते. तुमच्याकडे थेट तसा कायदा नाही, पण सीसी-अँड-आरमध्ये (कॉम्प्लेक्सच्या नोंदवलेल्या नियमावलीत) भाड्याबद्दल काही कलम आहे का ते वकिलाला वाचू द्या. दर महिन्याचं भाडं बंद झालं की पुण्याहून कसे लगेच फोन येतात बघा!

बोजा_खाल्लेला:

दुसरी बाजू सांगतो. २०२३ ला नोकरी गेली, चार महिने ड्यूज थकले. पाकिटं उघडायचीच भीती वाटायची, मी ती मायक्रोवेव्हवर रचून ठेवली. शेवटी लीनची प्रत आली तेव्हा वकिलाचा खर्च ड्यूजपेक्षा जास्त झाला होता. प्लॅन मागता येतो हे त्याच पाकिटांत लिहिलेलं होतं. ओळखीचे आहेत तर एकदा साध्या मराठीत सांगा की हे पुणं नाही. आणि पुण्यातही सोसायटी रजिस्ट्रारकडून वसुली दाखला आणू शकते म्हणावं, सेक्रेटरी आळशी आहे इतकंच.

बळेच_खजिनदार:

अपडेट. ईमेलला 'नो' लिहिलं, अध्यक्षबाई दोन दिवस रुसल्या. पुढच्या खुल्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय घेतलाय, नाव न घालता पार्सल नंबरने (घराच्या सरकारी नोंदीचा क्रमांक). नवी नोटीस पूर्ण हिशोबासकट सर्टिफाइडने गेली. तिचाच फोटो मी पुण्याला व्हॉट्सॲप केला आणि लिहिलं, "काका, हे रेकॉर्ड झालं की घर विकताना निघेल, आणि तोवर वकिलाचं मीटर तुमच्या खात्यावर चालू." निळ्या टिका लगेच आल्या. चार तासांनी उत्तर आलं, "हप्ते किती देता?"

बोर्डाने किती द्यायचे असतात?

सॅनहोजेकर_जुना:

कायद्यात आकडा नाही. तुमच्या असोसिएशनचे प्लॅनचे नियम असतील तर ते काढा. त्यांना म्हणावं, नोटिशीवरच्या पोस्टमार्कपासून १५ दिवसांत लेखी मागणी करा, मग बोर्डाला ४५ दिवसांत भेटावंच लागतं. चालू महिन्याचे ४८० हप्त्यात धरलेत की वेगळे, हे कागदावर स्पष्ट लिहा. प्लॅन पाळत असतील तोवर लेट फी लावायची नाही. प्लॅन चालू असतानाही लीन रेकॉर्ड करता येतो, तेव्हा मीटिंगच्या अजेंड्यावरून विषय काढू नका.