क्योतोच्या देवळात जूनमध्ये साल फुलतो म्हणे, खरं आहे का?

पेठेतला_बाळू
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन बहिणीकडे ओसाकाला जातोय. बहिणीची रजा तेव्हाच आहे, त्यामुळे 'साकुराच्या (चेरीच्या बहराच्या) वेळी का नाही गेलात' हे कृपया कुणी विचारू नका, घरात ते पुरेसं विचारून झालंय.

आई वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालीय. तिने कुठेतरी वाचलं की क्योतोच्या एका देवळात जूनमध्ये साल वृक्षाची फुलं बघायला लोक जातात. बुद्धाचं महापरिनिर्वाण ज्या झाडांखाली झालं, तोच साल. तेव्हापासून तिने मला धारेवर धरलंय. साल आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, मग तिथे जूनमध्ये कसा? आणि जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो तिथे तो जगतोच कसा? मी संगणकवाला माणूस, मला यातलं काय कळणार.

देऊळ कुठलं आणि तिथे जाण्यात अर्थ आहे का, तेवढं सांगा. आईचे गुडघे दुखतात आणि ती कांदा-लसूण खात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रानभुल्या
साल बघायचाय तर काकूंना एप्रिलमध्ये कान्हाला न्या की. जपानचं विमान कशाला?

ओसाकाची_मावशी
रानभुल्या, तुमचं चालू द्या.

बाळू, आईंना नमस्कार सांग. त्यांची शंका रास्त आहे, कारण ते झाड साल नव्हेच. इथे त्याला नात्सुत्सुबाकी म्हणतात. शास्त्रीय नाव स्टेवार्टिया स्यूडोकॅमेलिया, चहाच्या कुळातलं. आपला साल म्हणजे शोरिया रोबस्टा, तो इथल्या थंडीत उघड्यावर तग धरत नाही. ग्रंथांबरोबर सालाचं नाव इथवर आलं, झाड आलं नाही. मग इथल्याच डोंगरातलं हे पांढऱ्या फुलांचं झाड देवळांनी त्याच्या जागी लावलं. पिंपळाचीही तीच गत. इथल्या देवळांत बोधिवृक्ष म्हणून जे दाखवतात ते लिंडेन, म्हणजे टिलिया. तेही जूनमध्येच फुलतं. क्योतोच्या शिन्न्यो-दो देवळात मुख्य सभागृहापुढेच आहे. फुलं बारीक, फिकट पिवळी, पण वास असा की मधमाश्यांमुळे झाड गुणगुणतं. बुद्धाच्या चरित्रातली दोन्ही झाडं बदली कामगार, हे आईंना आवडेल बघ.

इथल्या लोकांना सालाचं एवढं वेड का? हेइके घराण्याच्या ऱ्हासाची जुनी युद्धकथा इथे शाळेत पाठ करून घेतात. तिच्या सुरुवातीलाच श्रावस्तीच्या जेतवन विहारातली घंटा आणि सालाच्या फुलांचा रंग येतो, आणि मग भरभराट झालेल्याचा शेवट अटळ हे सांगितलं जातं. त्यामुळे सालाचं झाड जन्मात न पाहिलेल्या माणसालाही सालाचं फूल तोंडपाठ असतं.

तू म्हणतोस ते देऊळ तोरिन-इन. म्योशिन-जी हा झेन बौद्धांच्या रिन्झाई शाखेचा मोठा मठ, त्याच्या आवारातल्या अनेक उपदेवळांपैकी हे एक. एरवी ते पाहणाऱ्यांसाठी बहुतेक बंदच असतं, फुलांसाठी जूनच्या मध्यापासून महिनाअखेरीपर्यंत उघडतं. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, तेव्हा बहिणीला आधी जपानी पानावर बघायला सांग. क्योतो स्टेशनवरून सागानो लाइनची गाडी पकडून हानाझोनोला उतरायचं, पुढे आई हळू चालल्या तरी पंधरा मिनिटं.

आता मुद्द्याचं. फुलं झाडावर शोधत बसू नका. इथे बघायचं ते जमिनीवर. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी गळतं. पाकळी पाकळी नाही, अख्खं. पाकळ्या आणि पुंकेसर बुडाशी जोडलेले असतात, म्हणून शेवाळावर ते आकाशाकडे तोंड करून जसंच्या तसं बसतं. पाच पाकळ्या, कडा चुरगळलेल्या, मध्ये पिवळा झुबका. पाकळीच्या पाठीवर रेशमी लव असते, ती जवळून बघितली तरच दिसते. दुपारी कडा तपकिरी पडायला लागतात, म्हणून दार उघडतानाच पोचा. भिजलेलं खोड मात्र जरूर बघा, साली निघून गुळगुळीत, तांबूस झालेलं, अगदी आपल्या पेरूसारखं.

पावसाला घाबरू नका. जून म्हणजे इथला त्सुयु, म्हणजे पावसाळा, भुरभुर चालूच असते, आणि कोरड्या दिवशी त्या शेवाळाला निम्मीही शोभा नसते. फक्त मोज्यांचा जादा जोड घ्या, बूट बाहेर काढावे लागतात आणि ओले मोजे घेऊन तातामीवर (गवती चटयांवर) जाणं बरं दिसत नाही. बसायचं आत, समोर बाग, हातात मत्चाचा (हिरव्या चहाच्या पुडीचा) वाडगा आणि एक गोड. आईंसाठी बुटकी खुर्ची मिळेल का ते विचारा, लाजू नका. गुडघे इथल्या आजीबाईंनाही आहेत.

जेवणाची तर चैनच आहे. झेन देवळातल्या शोजिन र्‍योरीत, म्हणजे भिक्षूंच्या शाकाहारी जेवणात, मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही, आणि रस्सा सुक्या माशाऐवजी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके अळंबीचा. तोरिन-इनमध्ये फुलांच्या दिवसांत असं जेवणही असतं, पण आधी सांगून ठेवावं लागतं. बाहेरच्या हॉटेलात 'व्हेज' या शब्दावर विसंबू नका, नूडल्सच्या पाण्यात मासा असतोच असतो.

ठाण्याचा_ठोंब्या
माहितीपूर्ण प्रतिसाद, मावशी. अशी अदलाबदल श्रीलंकेतही झालीय. तिथल्या विहारांत साल म्हणून कैलासपती दाखवतात, आपल्या राणीच्या बागेत आहे तोच, खोडावर तोफगोळ्यांसारखी फळं येणारा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला! बुद्धाच्या काळात तो भारतात असणं शक्यच नाही. गाइडला हे सांगितलं तर तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

शर्वरी_प
मध्येच घुसते. आम्ही ऑगस्टमध्ये तोक्योला आहोत. तेव्हा देवळांत काहीच फुललेलं नसतं का?

ओसाकाची_मावशी
असतं की. सारुसुबेरी, म्हणजे क्रेप मर्टल. आपल्या ताम्हणाचं सख्खं भावंड, दोघंही लॅगरस्ट्रोमिया. महाराष्ट्राचं राज्यफूल ते आपलं ताम्हण, हे मुलांना सांगा, ओळख पटेल. फुलं लहान पण झुपके तसेच, गुलाबी, पांढरे, जांभळे, जुलैपासून पार सप्टेंबरपर्यंत. तोक्योहून कामाकुरा एका दिवसात होतं, तिथे होंगाकु-जी आणि गोकुराकु-जी ही दोन देवळं यासाठी धरा. जूनमध्ये तिथे हायड्रेंजियासाठी जी झुंबड उडते, ती ऑगस्टमध्ये नसते. का नसते ते दुपारी बाराला उन्हात उभं राहिलात की कळेल. सकाळी आठला निघा, छत्री घ्या.

पेठेतला_बाळू
मावशी, मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, नक्कल बघायचीच आहे तर अस्सलही बघू, जपानमध्ये कुठेच खरा साल नाही का? आणि तोरिन-इनमध्ये पडलेलं एखादं फूल उचललं तर चालेल का, तिला वहीत दाबून ठेवायचंय.

ओसाकाची_मावशी
खरा साल शिगा प्रांतात कुसात्सुला आहे, मिझुनोमोरी या जलवनस्पती उद्यानाच्या काचघरात. बिवा तलावाकाठी, क्योतोहून जाऊन येता येतं. पण तो वसंतात फुलतो, जूनमध्ये आईंना नुसती पानं बघून समाधान मानावं लागेल. कमळांच्या जाती मात्र तिथे भरपूर आहेत.

फुलाला हात नाही लावायचा. तिथे पडलेली फुलंच तर बघायला बोलावतात, येणाऱ्या प्रत्येकाने एकेक उचललं तर दुपारी बघायचं काय? शिवाय भारतात वनस्पती नेताना क्वारंटाइनची कटकट आहेच. आईंना म्हणावं, फोटो काढा. आणि तू ट्रायपॉड घरीच ठेव, बहुतेक देवळांत चालत नाही.